आहिहिकमधला शेजार आणि मधले सहा महिने

पैलतीर | १८ जानेवारी

बरेच दिवस लिहू लिहू म्हणतेय, आज बसलेच. आम्ही दोघं कॅनडात टोरंटोजवळच्या मिसिसागाचे, मूळचे वाईचे, आणि गेले पाच हिवाळे मेक्सिकोत काढतोय. हालिस्को राज्यात चापाला नावाचं तळं आहे, मेक्सिकोतलं सगळ्यात मोठं, त्याच्या उत्तर काठावर आहिहिक म्हणून गाव आहे. ग्वादालाहारापासून गाडीनं तासाभरावर. उंची दीड हजार मीटरच्या आसपास, त्यामुळे हिवाळ्यात हवा थेट पाचगणीची, सकाळी शाल आणि दुपारी बिनबाह्यांचा ब्लाऊज. ऑक्टोबरच्या शेवटी येतो, एप्रिलच्या मध्याला परत. आमच्या ओंटारियो प्रांताचं हेल्थ कार्ड टिकवायचं तर वर्षात २१२ दिवसांच्या वर बाहेर राहता येत नाही आणि इथलं टूरिस्ट परमिट जास्तीत जास्त १८० दिवसांचं, म्हणून आमचं सगळं वर्ष या दोन आकड्यांत बसवलेलं.

व्हिसा, डॉक्टर, भाडं यावर या फोरमवर भरपूर धागे आहेत. मला माणसांबद्दल विचारायचंय.

पहिली दोन वर्षं आम्ही इंग्रजी बोलणाऱ्यांतच होतो. इथे लेक चापाला सोसायटी म्हणून १९५५ पासूनची संस्था आहे, लायब्ररी, बाग, स्पॅनिशचे वर्ग सगळं तिथे, आणि खरं सांगते, पहिल्या महिन्यात जीव रमला तो त्या बागेतल्या बाकांमुळेच. पण तिथल्या ओळखींचं एक आहे, दर नोव्हेंबरात पाटी कोरी. कोण आलं, कोण आलं नाही, कोणी घर विकलं, कोणाचे गुडघे आता प्रवास करू देत नाहीत. परत पहिल्यापासून तुम्ही कुठले, किती वर्षं येताय, घर भाड्याचं की स्वतःचं.

गावातली पहिली मैत्री झाली ती घोळीच्या भाजीमुळे. बुधवारी इथे तियांगीस भरतो, आपला आठवडी बाजारच, रस्त्यावर ताडपत्र्या टाकून. एका आजींच्या पुढ्यात घोळीची जुडी दिसली. तीच, जाड लालसर देठाची. मी चाळीस वर्षांत ती हातात घेतली नव्हती. इथे तिला वेर्दोलागास म्हणतात. मी वास घेत उभी राहिले तर मागून आमच्या शेजारच्या बाईंनी विचारलं, कशी करता तुम्ही? त्या डुकराच्या मांसात आणि हिरव्या साल्सात शिजवतात. मला तेवढं स्पॅनिश येत नव्हतं म्हणून घरी जाऊन हरभऱ्याची डाळ घालून, लसणाची फोडणी देऊन भाजी केली आणि डब्यातून नेऊन दिली. स्टीलचा डबा, आईनं माझ्या लग्नात दिलेला, झाकणावर तिचं नाव आणि साल कोरलेलं. तीन दिवसांनी डबा परत आला तो पेरूंनी भरून. मग मी त्यात शिरा दिला, त्यांनी राजगिऱ्याची वडी. हो, राजगिऱ्याची! आलेग्रीया म्हणतात तिला, आणि राजगिरा मुळात इथलाच. मला तर लहानपणापासून तो उपासाचा म्हणजे आपलाच वाटायचा. तर असा तो डबा तेव्हापासून रिकामा कधी फिरलेला नाही. आम्ही एकमेकींना नावानं हाक मारत नाही, वेसिना म्हणतो, शेजारीण.

त्यांचे यजमान संध्याकाळी दाराशी खुर्ची टाकून बसायचे. येणाऱ्या जाणाऱ्या प्रत्येकाला 'बुएनास तार्देस'. पहिल्या वर्षी मी मान खाली घालून निघून जायचे, टोरंटोची सवय, तर त्यांनी एकदा थांबवून समजावलं की इथे दुकानात शिरलं, दवाखान्यात शिरलं की आधी सगळ्यांना मिळून नमस्कार म्हणायचा, हॉटेलातून निघताना शेजारच्या टेबलावर जेवणाऱ्या अनोळखी लोकांनासुद्धा 'प्रोवेचो', म्हणजे जेवण अंगी लागो, म्हणायचं. माझं स्पॅनिश त्यांच्या त्या खुर्चीसमोर उभं राहूनच सुधारलं.

आता मुद्द्यावर येते. गेल्या ३० ऑक्टोबरला रात्री आम्ही पोचलो. दुसऱ्या दिवशी सकाळी डब्यात मेपल सिरपची बाटली ठेवून मी वेसिनाकडे गेले. दार सताड उघडं. उंबऱ्यापासून आतल्या टेबलापर्यंत झेंडूच्या पाकळ्यांची वाट आखलेली. दिया दे मुएर्तोसची, म्हणजे गेलेल्या माणसांच्या सणाची, मांडणी करतात दरवर्षी, मला माहीत होतं, त्यांच्या आईवडिलांचे जुने काळेपांढरे फोटो असतात. या वेळी मध्ये रंगीत फोटो होता. निळा शर्ट, तीच हसरी जिवणी. समोर पाण्याचा पेला, मिठाची वाटी, त्यांची टोपी, कोकाकोलाची बाटली. मला काही क्षण कळेचना की यांचा फोटो इथे का ठेवलाय.

ते ऑगस्टमध्ये गेले होते. आणि ऑगस्टमध्ये मी वेसिनाला काय पाठवलं होतं ते मी नंतर व्हॉट्सॅपवर मागे जाऊन बघितलं. गुलाबाचं चित्र आणि शुभ सकाळ. त्यांना जाऊन आठवडा झाला होता तेव्हा. तिचं उत्तर होतं फक्त जोडलेले हात.

मी रडत होते तर तीच माझी समजूत घालत होती. म्हणाली, तुम्हाला कसं कळवणार, तुम्ही तर तिकडे होता. रागानं नाही म्हणाली, अगदी सहज म्हणाली, आणि ते वाक्य अजून माझ्या मनातून जात नाहीये. मग म्हणाली तुमचं कोण गेलंय, फोटो आणा. मी कोपऱ्यावरच्या स्टेशनरीच्या दुकानात जाऊन आईचा फोटो छापून आणला. वाईच्या माझ्या आईला आहिहिकच्या टेबलावर झेंडूच्या पाकळ्यांत बसवलं. झेंडूही मूळचा इथलाच हे तिनंच सांगितलं, आणि मी तिला सांगितलं की आमच्याकडे दसऱ्याला याशिवाय दाराला तोरण होत नाही.

तर प्रश्न दोन. पहिला साधा. ६ जानेवारीला वेसिनाकडे रोस्का कापला, गोल गोड पाव, त्यात छोटी बाहुली लपवलेली असते. ती ज्याच्या तुकड्यात निघेल त्यानं २ फेब्रुवारीला, कांदेलारियाला, सगळ्यांना तमालेस, म्हणजे मक्याच्या पिठात सारण भरून पानात उकडलेले, खाऊ घालायचे. बाहुली माझ्या तुकड्यात निघाली. गल्लीतली चौदा माणसं. ऑर्डर देऊ का घरी करू? आम्ही मांस खात नाही.

दुसरा प्रश्न असा की वर्षातले सहा महिने जो माणूस तिथे नसतो त्यानं शेजार धरायचा कसा? मेक्सिकोच असं नाही, ज्यांचं असं दोन ठिकाणी राहणं आहे त्या सगळ्यांना विचारतेय.

रानजाई | १८ जानेवारी

ताई, डोळ्यांत पाणी आलं. घोळीचं माहीत नव्हतं. आमच्याकडे नाशिकला अजून मिळते.

निशिगंधा_ग्वादा | १९ जानेवारी

पैलतीर ताई, मी ग्वादालाहारात नऊ वर्षं आहे, नवरा इथला, सासूबाईंच्या हाताखाली तमालेस शिकलेय त्यामुळे पहिल्या प्रश्नाचं उत्तर हक्कानं देते. ऑर्डर अजिबात देऊ नका. आणि एकट्यानंही करू नका! तमालेस एकटं कोणी करतच नाही, बायका जमून करतात, तमालादा म्हणतात त्याला. आपल्याकडे उन्हाळ्यात पापड लाटायला गल्लीतल्या बायका पोळपाट घेऊन जमायच्या ना, तसंच. वेसिनाला सांगा मला येत नाही, शिकवा. तेवढं एक वाक्य म्हणा, पुढचं सगळं ती बघेल.

आता कृती. तोर्तियाच्या, म्हणजे मक्याच्या पोळ्यांच्या, दुकानात तमालेससाठीचं पीठ वेगळं मागा, ते जरा जाडसर असतं. मका चुन्याच्या पाण्यात उकडून, धुऊन दळलेला असतो. मक्याची वाळकी पानं तासभर कोमट पाण्यात भिजवा. पिठात डुकराची चरबी घालतात त्याऐवजी लोणी घाला आणि हात दुखेस्तोवर फेटा. झालं की नाही ते बघायला गोळी पाण्याच्या पेल्यात टाका, तरंगली पाहिजे. सारणाला भाजून सोललेल्या पोब्लानो मिरचीच्या पट्ट्या आणि चीज, इथे सगळ्यांना आवडतं. ज्यांनी पातोळ्या केल्यात त्यांना पानात थापणं, दुमडणं आपोआप जमतं. उकडायच्या भांड्याच्या तळाशी पाण्यात एक नाणं टाका. पाणी उकळत असलं की नाणं खडखडत राहतं, आवाज थांबला की समजायचं पाणी आटलं. सव्वा तास तरी लागतो.

आणि स्वयंपाकघरात कोणी भांडायचं नाही, सासूबाई म्हणतात भांडण झालं की तमालेस कच्चे राहतात. त्या दिवशी आमच्याकडे राजकारणावर बोलायला बंदी असते.

मालवणी_मुलूख | १९ जानेवारी

तुमच्या दुसऱ्या प्रश्नावर बोलतो, कारण मी त्याच्या पलीकडच्या बाजूला आहे. मी गावात राहणारा, कणकवलीच्या पुढे. आमच्या वाडीतली निम्मी घरं वर्षभर बंद, चाकरमान्यांची. गणपतीला येतात, शिमग्याला येतात, मे महिन्यात आंब्याला येतात. सगळे आमचेच, एका आडनावाचे, तरी मनातून सांगू का, सगळे सारखे आमचे वाटत नाहीत.

एक घर आहे, दोघं भाऊ बोरिवलीला असतात. मोठा येतो, मंडपाला सगळ्यात जास्त वर्गणी देतो, आरतीला पुढे असतो आणि जाताना तिन्ही कुलपं लावून किल्ल्या खिशात घालून जातो. धाकटा वर्गणी जेमतेम देईल, पण किल्ली आमच्याकडे ठेवून जातो. त्याचा अर्थ काय तर पावसात कौल फुटलं तर मी चढतो, त्याच्या फणसाचे गरे आम्ही खातो, त्याच्या विहिरीला पाणी किती आहे ते तो मला फोन करून विचारतो आणि मग अर्धा तास गावातलं बोलतो, कोणाची म्हैस व्याली, कोणाचं जमलं, कोण आजारी आहे. माझी आय गेली तेव्हा मोठ्याला दहाव्या दिवशी कोणीतरी सांगितलं. धाकट्याला मीच रात्री दोन वाजता फोन लावला, कारण दर आठवड्याला बोलणं होतं. तो येऊ शकला नाही. पण मला फोन लावावासा वाटला ना.

तुमची शेजारीण म्हणाली ना, तुम्हाला कसं कळवणार. ती वाट तुम्ही तयार करायला हवी. शुभ सकाळचं चित्र पाठवलं की समोरचा हात जोडतो, आणखी काय करणार. तुम्ही तिच्याकडे काहीतरी ठेवून जा. किल्ली, झाडं, काहीही. म्हणजे तिला तुम्हाला सांगण्यासारखं काही राहील.

मेरिदाकर | २० जानेवारी

वरची चर्चा वाचली, छान आहे, पण थोडं वेगळं मत मांडतो. मी ७१ वर्षांचा, पत्नी गेल्यावर तीन हिवाळे युकातानमध्ये मेरिदाला राहतोय. माझे मित्र सगळे माझ्यासारखेच येणारे जाणारे आहेत, क्युबेकचे दोघं, मिनेसोटाचे एक, आणि चेन्नईचे एक गृहस्थ. आम्ही सकाळी सहाला, ऊन चढायच्या आत, पासेओ दे मोंतेखोवर चालतो. ही मैत्री वरवरची आहे असं मला बिलकुल वाटत नाही. ज्यांनी आपलं माणूस गमावलंय आणि वर्षाचं वेळापत्रक तोडून नव्यानं बांधलंय अशा लोकांना एकमेकांना काही समजावून सांगावं लागत नाही. माझं स्पॅनिश दुकानापुरतं आहे आणि या वयात ते फार वाढेल असं वाटत नाही. शेजाऱ्यांशी हसून नमस्कार आहे, त्यांनीही मला तेवढंच दिलंय आणि मला ते पुरतं. गावात मिसळलं नाही म्हणजे माणूस उपरा राहिला, असं मनाला लावून घेऊ नये एवढंच.

पैलतीर | २० जानेवारी

मेरिदाकर, तुमचं बरोबर आहे आणि मी बागेतल्या बाकांचं लिहिलं ते कमी लेखून नाही. मला पहिल्या वर्षी ताप आला तेव्हा सूप घेऊन आलेली बाई कॅनडातल्याच सस्कॅचवान प्रांताची होती. ती या वर्षी आली नाही. तिचा नंबरही मी कधी घेतला नव्हता, दर बुधवारी भेट व्हायचीच. मला रुखरुख आहे ती त्याची.

मालवणी_मुलूख, तुमची पोस्ट नवऱ्याला वाचून दाखवली. दोनदा. आम्ही पाच वर्षं किल्ली एजंटकडे ठेवून जातोय. महिन्याला पैसे देऊन. वेसिनाचं दार आमच्या दारापासून आठ पावलांवर आहे.

शापोरा_काठ | २० जानेवारी

मी गोव्यातली, पेडणे तालुका. आमच्याकडे मोरजी हरमलला नोव्हेंबर ते मार्च राहणारे परदेशी लोक येतात, काही वीस वीस वर्षं तीच खोली घेणारे. माझी आई एका जर्मन म्हाताऱ्याला अजून विचारते, का आला नाही म्हणून. तो काही मोठं करायचा नाही. चतुर्थीला तो नसायचाच, पण जाताना आईला विचारायचा या वर्षी माटोळीला, म्हणजे गणपतीच्या वर फळं बांधतात त्या चौकटीला, काय काय बांधणार, आणि पुढच्या वेळी आला की सगळं पहिल्यापासून ऐकून घ्यायचा, फोटो बघत, एकेका फळाचं नाव विचारत. जे आपण चुकवलं ते नंतर बसून ऐकणं, आईला त्याचं फार होतं.

पण एक लिहायला पाहिजे. अशा लोकांमुळे भाडी एवढी वाढली की माझ्या भावाला लग्न झाल्यावर स्वतःच्या गावात घर भाड्यानं परवडेना. राग माणसांवर नाही, पण दुखतं.

अनिकेत७ | २१ जानेवारी

शापोरा_काठ यांच्याशी शंभर टक्के सहमत. मी मेक्सिको सिटीत असतो. २०२५ च्या जुलैत इथे कोंदेसा आणि रोमा भागात यावरूनच मोर्चे निघाले, परदेशी लोक डॉलरमध्ये कमावतात आणि पेसोत राहणाऱ्यांना घर सोडावं लागतं म्हणून. चापालाच्या काठावर तर ही गोष्ट कितीतरी जुनी आहे. मैत्रीबद्दल बोलताना हे डोळ्यांआड करू नये. तुम्ही ज्या घरात राहता तिथे आधी कोण राहत होतं, हा प्रश्न शेजाऱ्यांना माहीत असतो.

पैलतीर | २१ जानेवारी

अनिकेत, माहीत आहे मला कोण राहत होतं. वेसिनाची चुलतबहीण. ती आता गावाच्या वरच्या अंगाला, हायवेच्या पलीकडे राहते. तिसऱ्या वर्षी वेसिनानं सांगितलं तेव्हा मी दोन रात्री झोपले नव्हते. मला यावर उत्तर नाही. आम्ही घरकामाला, बागेला गावातलीच माणसं ठेवतो, त्यांना वर्षाअखेरीचा आगिनाल्दो, म्हणजे आपला दिवाळी बोनस, नियमाप्रमाणे देतो आणि आम्ही नसतानाच्या महिन्यांतही पगार चालू ठेवतो. तेवढ्यानं भाडी उतरत नाहीत हेही कळतं. ती चुलतबहीण रोस्काला आली होती. तिनंच मला तुकडा वाढला.

वर्धेकर | २२ जानेवारी

विषय थोडा बाजूला नेतो पण लिहिल्याशिवाय राहवत नाही. मेक्सिकोत जाऊन तिथल्या मातीचा झालेला माणूस आमच्या वर्ध्याचा आहे, पांडुरंग खानखोजे. गदर चळवळीतले क्रांतिकारक, इंग्रजांमुळे परत येता येईना, फिरत फिरत १९२० च्या दशकात मेक्सिकोत पोचले. चापिंगोच्या कृषी शाळेत शिकवायला लागले, मक्यावर आणि गव्हावर संशोधन केलं, गावोगाव शेतकऱ्यांसाठी मोफत शेतीशाळा काढल्या. डिएगो रिवेरानं मेक्सिको सिटीतल्या शिक्षण खात्याच्या इमारतीतल्या भित्तिचित्रात त्यांना रंगवलंय, भाकरीच्या टेबलाशी बसलेले. स्वातंत्र्यानंतर ते भारतात परतले, १९६७ मध्ये नागपूरला वारले. चापिंगोत २०२२ साली त्यांचा पुतळा बसवला.

मला नेहमी वाटतं की त्यांना तिथे आपलं मानलं गेलं याचं कारण मका असावा. तिथल्या माणसाला जे जिवापाड आहे त्याच्यातच त्यांनी हात घातला. ताईंचं घोळीचं वाचताना तेच आठवलं.

रानजाई | २२ जानेवारी

वर्धेकर, हे शाळेत का नाही शिकवलं आम्हाला!

पैलतीर | ३ फेब्रुवारी

मंडळी, तमालेस झाले. सविस्तर लिहिते कारण निशिगंधानं रोज मेसेज करून विचारलंय.

मी वेसिनाला म्हटलं, मला येत नाही, शिकवा. ती एकदम उभीच राहिली. गल्लीतल्या सात बायका १ तारखेला दुपारी माझ्या स्वयंपाकघरात, प्रत्येकीनं आपलं पातेलं आणलेलं. पाच वर्षांत या घरात एवढी माणसं पहिल्यांदा. चुलतबहीण आत आली, ओट्यावरून हात फिरवला, खिडकीचा खिट्टा कसा अडकतो तो वर उचलून कसा बसवायचा ते मला दाखवलं. आम्ही पाच वर्षं त्या खिट्ट्यात कागदाची घडी अडकवत होतो. नंतर ती पीठ फेटायला बसली आणि काही बोलली नाही, मीही बोलले नाही, दोघींनी मिळून एकच परात धरली होती.

पिठात लोणी घालायचं म्हटल्यावर दोघींनी तोंड वाकडं केलं, पण वेसिनानं सांगितलं की हिच्या घरात हिच्या पद्धतीनं. गोळी तिसऱ्यांदा तरंगली. पानं दुमडताना माझ्या घड्या बघून एक म्हातारी म्हणाली, हिला येतंय की. मी त्यांना पातोळ्यांचं सांगितलं, हळदीच्या पानाचा वास कसा येतो ते सांगायला मला शब्द सापडेनात. तळाला नाणं टाकलं, पाच पेसोचं. सगळ्या जणी बोलता बोलता मध्येच गप्प होऊन त्या नाण्याचा आवाज ऐकायच्या आणि परत बोलायला लागायच्या. साठ झाले. काल सकाळी वेसिना बाळ येशूची मूर्ती नवे कपडे घालून चर्चमध्ये घेऊन गेली, तिथून सगळे आमच्याकडे. सोबत अंबाडीच्या बोंडांचं सरबत, हामाइका म्हणतात त्याला. नवऱ्यानं सगळ्यांना वाढलं.

जेवताना वेसिनाचा मुलगा म्हणाला, बाबांना राहास, म्हणजे पोब्लानो मिरचीच्या पट्ट्या, घातलेले फार आवडायचे. मग मी जे शापोरा_काठ यांच्या पोस्टमध्ये वाचलं होतं ते केलं. विचारलं, ऑगस्टचं सांगता का मला सगळं? आणि ते सांगायला लागले. कोणत्या दिवशी दुखायला लागलं, पाऊस किती होता, दवाखान्याच्या वाटेवर पाणी कसं भरलं होतं, नऊ रात्री जपमाळ झाली तेव्हा कोण कोण आलं, आमची बंद खिडकी बघून वेसिना काय म्हणाली. दोन तास. काही शब्द मला कळले नाहीत, मी थांबवून विचारत होते आणि ते परत सांगत होते.

मालवणी_मुलूख | ३ फेब्रुवारी

झालं तर मग. किल्लीचं काय?

पैलतीर | १४ एप्रिल

उद्या निघतोय. एजंटला नमस्कार केला. किल्ली वेसिनाकडे, शिवाय तुळस, दोन कढीपत्ते आणि एक मिरचीची कुंडी. पाणी किती घालायचं ते कागदावर लिहून देत होते तर म्हणाली मिरचीला पाणी किती लागतं ते मला सांगू नका. बरोबरच आहे, मिरची जगाला यांनीच दिली.

या वेळी भाडं सोडून कुठला हिशोब पूर्ण केला नाही. दर वर्षी निघायच्या आधी मी सगळ्यांचं सगळं देऊन मोकळी व्हायचे, भांडी परत, पुस्तकं परत, कोणाचे वीस पेसो असतील तर तेही. मालवणी_मुलूख यांचं वाचल्यापासून मला वाटायला लागलंय की मोकळं होण्याचीच ती घाई चुकत होती. वेसिनाचं तमालेसचं मोठं पातेलं माझ्या ओट्यावरच आहे. आईचा डबा तिच्याकडे आहे, मागितला नाही.

सस्कॅचवानच्या बाईंचा नंबर सोसायटीच्या लायब्ररीतल्या एका जुन्या स्वयंसेविकेकडून मिळाला. फोन केला. खुब्याचं ऑपरेशन झालंय. तासभर बोललो, आता दर रविवारी बोलतो.

मेरिदाकर | १५ एप्रिल

हे वाचून फार बरं वाटलं. मीही उद्या निघतोय. चेन्नईचे गृहस्थ आणि मी या वेळी एकमेकांच्या मुलांचे नंबर घेतले. वयच तसं आहे आमचं.

निशिगंधा_ग्वादा | १६ एप्रिल

ताई, मी महिन्यातून एकदा चापालाला जातेच, सासरच्यांना घाटावर फिरायला न्यायचं असतं. वेसिनांना भेटून येऊ का? तुमचं नाव सांगून?

पैलतीर | १६ एप्रिल

नक्की जा. जाताना रिकाम्या हातानं जाऊ नकोस.

पैलतीर | ९ जुलै

धागा वर आणतेय. वेसिना आता लिहीत नाही, आवाजी मेसेज पाठवते, मीही तसेच पाठवते, माझ्या चुका सुधारून परत येतात. पाऊस जूनच्या मध्याला सुरू झाला, डोंगर हिरवे झाले, तळ्याचं पाणी कुठल्या पायरीला आलं ते तिचा नातू मोजून सांगतो. आमच्या मागच्या खोलीत गळती लागली, चुलतबहिणीच्या मुलानं वर चढून बघितलं, लहानपणी तिथेच गळायचं म्हणाला. निशिगंधा जाऊन आली, तिनं भाकरी थापून दाखवली म्हणे कोमालवर, त्यांच्या तव्यावर, आणि सगळ्यांनी तोर्तियापेक्षा जाड आहे म्हणून सांगितलं.

२० ऑगस्टला वर्षश्राद्ध आहे, त्यांच्याकडे मिस्सा असते. मला जमणार नाही, लेकीचं बाळंतपण त्याच महिन्यात आहे. वेसिनाला तसं सांगितलं. तर तिनं विचारलं की बाळाच्या वेळी तुमच्याकडे काय करतात खायला. मी डिंकाच्या लाडवांचं सांगितलं. डिंक हा शब्द समजावताना अर्धा तास गेला, शेवटी बाभळीच्या झाडाचा फोटो पाठवला. काल तिचा मेसेज आला की बुधवारच्या बाजारात झाडपाला विकणाऱ्या बाईला विचारलंय आणि ती शोधून देते म्हणाली.

तिकिटं या वेळी २२ ऑक्टोबरची काढलीत, म्हणजे मांडणीच्या आधी पोचू. झेंडू ती लावणार आहे, आमच्या मागच्या अंगणात, कारण तिच्याकडे ऊन कमी येतं.

वर्धेकर, जाताना मेक्सिको सिटीत दोन दिवस थांबणार आहोत, रिवेराचं ते चित्र बघायला. फोटो काढू देत असतील तर इथे टाकते.